सोयाबीनची जनुकीय विविधता मोजताय? आधी या चुका टाळा

दर पावसाळ्यात इंदूरमध्ये माझ्याकडे एम.एस्सी.ची दोन-तीन मुलं जेलचे (ज्यावर डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे होतात त्या थराचे) फोटो घेऊन येतात. "ताई, विविधता भरपूर आलीय, पण गाईड म्हणतात काहीतरी गडबड आहे." गडबड असतेच, आणि बहुतेक वेळा ती जेलच्या कितीतरी आधी, बियाण्याच्या पिशवीत झालेली असते.

सोयाबीन हे स्वपरागी पीक. फूल पुरतं उमलायच्या आत परागण उरकतं, नैसर्गिक संकर १ टक्क्याहूनही कमी. म्हणजे शुद्ध वाणाच्या एका झाडात एका एसएसआर मार्करला (डीएनएवरच्या पुनरावृत्तीची ठरावीक खूण) जेलवर एकच बँड, म्हणजे पट्टा, दिसायला हवा. एका मुलीने ४० वाणांचा तक्ता आणला, त्यात जवळपास दर तिसरी नोंद हेटेरोझायगस, म्हणजे एकाच जागी दोन वेगळ्या प्रती, दोन बँड. त्यावर प्रबंधाचं प्रकरणही लिहून झालं होतं. मी विचारलं, "पानं किती झाडांची?" म्हणाली, "पाच-पाच झाडांची एकत्र कुटली. एकेक करत बसले असते तर दोन महिने गेले असते." आणि बियाणं? थोडं संस्थेतलं, थोडं दुकानातलं, थोडं मामाच्या शेतातलं.

उरलेलं बी आम्ही गच्चीवर कुंड्यांत पेरलं, प्रत्येक वाणाची दहा झाडं. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास फुलं आली. एकाच पिशवीतल्या दहा झाडांपैकी सातांना जांभळी, तिघांना पांढरी! मग प्रत्येक झाडाचा डीएनए वेगळा काढला, तर बहुतेक मार्करना झाडागणिक एकच स्वच्छ बँड. हेटेरोझायगस झाडं नव्हतीच, दोन वाणांची भेसळ होती. दोन महिने वाचवायला गेली आणि अख्खा हंगाम गेला. मला त्या मुलीचा राग आला नाही, पण "एकत्र कुटून टाक, चालतं" असं तिला सांगणाऱ्यांचा अजूनही येतो.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे: एक झाड, एक नळी, एक नंबर. सोबत फुलाचा रंग, शेंगेवरची लव आणि दाण्याच्या नाभीचा रंग वहीत. नंबर नळीच्या झाकणावरही आणि नळीच्या अंगावरही, वरून चिकटपट्टी. इथॅनॉलचा एक थेंब मार्कर पेनचं अक्षर पुसून टाकतो.

तिच्या तक्त्यात दोन-तीन मार्कर तरीही दोन बँड दाखवत होते, आणि तेही प्रत्येक झाडात. ही दुसरी फसगत. सोयाबीनचा जीनोम (डीएनएचा सगळा संच) सुमारे ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी असा दोनदा दुप्पट झाला. २०१० साली 'विल्यम्स ८२' वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळपास ७५ टक्के जनुकांच्या एकाहून जास्त प्रती सापडल्या. त्यामुळे एकच प्रायमर (मार्करची जागा शोधून चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन जागी चिकटू शकतो. सगळ्याच नमुन्यांत तेच दोन बँड दिसले, तर मी तो मार्कर सरळ काढून टाकते. हा हिशोब तुरीला लावू नका. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, संकर होतो, तिथे हेटेरोझायगस झाड खरंखुरं असू शकतं.

डीएनए काढताना जून पान घेऊ नका. सीटॅबने (डीएनए काढायचं नेहमीचं रसायन) काढलं तरी नळीच्या तळाशी शेंबडासारखा चिकट, तपकिरी गोळा उरतो आणि पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती बनवायची क्रिया) अडतो. दहा-पंधरा दिवसांच्या रोपाचं कोवळं पान घ्या, लगेच बर्फात ठेवा. नॅनोड्रॉपवर (डीएनए किती ते मोजणारं यंत्र) २६०/२८० चा, म्हणजे शुद्धतेचा, आकडा १.८ आला म्हणून नाचू नका. ते यंत्र आरएनएसुद्धा डीएनएतच मोजतं. ०.८ टक्के अ‍ॅगरोजवर (म्हणजे जेलवर) एकदा चालवून डोळ्यांनी बघा. तेवढा तास वाचवणाऱ्यांचे पुढे पंधरा-पंधरा दिवस वाया गेलेले मी पाहिलेत.

बँड आला नाही म्हणून "०" लिहू नका. आधी पीसीआर पुन्हा करा, तरीही नाही आला तर ती जागा रिकामी ठेवा.

दोन-तीन बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) फरक साध्या अ‍ॅगरोजवर वाचू नका, पॉलिअ‍ॅक्रिलामाइड (बारीक फरक दाखवणारं जेल) चालवा.

दोन अलीलच्या (एकाच जागेच्या दोन रूपांच्या) एसएनपी मार्करचा (डीएनएच्या एका अक्षराचा फरक) पीआयसी, म्हणजे मार्कर किती विविधता दाखवतो त्याचा आकडा, ०.३७५ च्या वर जाऊच शकत नाही. ०.५ आला असेल तर सूत्र चुकलंय.

आरएपीडीवर (कुठेही चिकटणारे प्रायमर वापरणारी जुनी मार्कर पद्धत) नवीन काम सुरूच करू नका. एका लॅबमधला बँड दुसऱ्या लॅबमध्ये मिळेल याची खात्री नसते.

राहता राहिला डेंड्रोग्राम, म्हणजे कोणता वाण कोणाच्या जवळचा ते फांद्यांनी दाखवणारी आकृती. सॉफ्टवेअर कुठल्याही आकड्यांची देखणी आकृती काढून देतं, म्हणून मी दरवेळी एका झाडाचा डीएनए दोन वेगळ्या नंबरांनी घालते आणि जेल वाचणाऱ्याला सांगत नाही. त्या दोन फांद्या एकमेकींना चिकटून आल्या नाहीत, तर बाकीच्या फांद्यांकडे मी बघतच नाही. पुन्हा पहिल्या जेलपासून वाचायला बसवते.