डोंगरउतारावरच्या रानात पाणी किती मुरते, हे कसे मोजावे

गगनबावडा, राधानगरीच्या उतारावरील तांबड्या जमिनीची ही परीक्षा पेरणीआधीच करावी. १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा वर लाकडी ठोकळा धरून अर्धा जमिनीत ठोकावा, आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर ४४० मिलिलिटर, म्हणजे २५ मिलिमीटर पावसाइतके, पाणी ओतावे आणि कागद अलगद काढून ते पूर्ण मुरेपर्यंतचा वेळ मोजावा. कोरडी माती पहिले पाणी झटकन पिते, त्यामुळे भरवसा दुसऱ्या खेपेच्या मापावरच ठेवावा. नांगरट टाळून पालापाचोळ्याने झाकलेल्या रानात गांडुळांची बिळे आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या शाबूत राहतात, म्हणून पाणी लवकर खाली उतरते. उघड्या मातीवर मात्र थेंबांच्या माराने पापुद्रा धरतो. तुलनेसाठी बांधालगतची, कधीच न नांगरलेली जागाही मोजावी.