कुस्तीच्या कार्यक्रमातून महिलांना वगळले आहे का, हे कसे तपासावे

‘महिलांवर बंदी’ किंवा ‘बंदी उठली’ अशा एका ओळीच्या बातमीवरून मत बनवू नये. रिंग, समालोचन, प्रेक्षागृह आणि दृश्ये दाखवणारा पडदा या चारही जागांचे नियम वेगवेगळे असू शकतात. म्हणून प्रत्येक जागेची नोंद स्वतंत्र ठेवावी.

२७ एप्रिल २०१८ रोजी सौदी अरेबियातील जेद्दाहमध्ये झालेला डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीचा ‘ग्रेटेस्ट रॉयल रम्बल’ हा कार्यक्रम या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. तिथे महिलांची एकही लढत नव्हती. महिला प्रेक्षकांना प्रवेश होता, पण कुटुंबातील पुरुष सोबत असण्याच्या अटीवर. आणि महिला कुस्तीपटूंची दृश्ये असलेली जाहिरात पडद्यावर झळकली, तेव्हा सौदी क्रीडा प्राधिकरणाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. रिंगमध्ये नकार, प्रेक्षागृहात सशर्त होकार आणि पडद्यावर दिसले तरी दिलगिरी, अशी तीन उत्तरे एकाच कार्यक्रमातून मिळाली.

त्यानंतर निर्णय कोणाचा, हे शोधावे. ‘आखाती देशांची संस्कृती’ एवढे कारण पुरेसे मानू नये, कारण डिसेंबर २०१७ मध्येच अबू धाबीत साशा बँक्स आणि अलेक्सा ब्लिस या डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिला कुस्तीपटूंची लढत झाली होती. परवानगी विशिष्ट सरकार देते आणि करार विशिष्ट कंपनी करते. सौदी सरकारशी डब्ल्यूडब्ल्यूईने केलेला करार १० वर्षांचा होता, तेव्हा जबाबदारीही दोघांकडे मोजावी. जून २०१९ मध्ये नताल्या आणि अलेक्सा ब्लिस यांना जेद्दाहला नेण्यात आले, तरी त्यांची लढत होऊ शकली नाही. कुस्तीपटू शहरात पोहोचल्या म्हणजे लढत होणारच, असे समजू नये.

लढत झाली, तर तिच्या अटी तपासाव्यात. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी रियाधच्या किंग फहद स्टेडियममध्ये नताल्या आणि लेसी इव्हान्स यांनी सौदी अरेबियातील महिलांची पहिली लढत केली, ती सर्वांग झाकणारा पोशाख आणि त्यावर सैल टी-शर्ट घालून. याच दोघींच्या इतरत्र झालेल्या लढतींची छायाचित्रे शेजारी ठेवावीत. फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सौदी अरेबियात महिलांना किताबाची लढत कधी मिळाली, हेही पाहावे: बेली विरुद्ध नाओमी, फेब्रुवारी २०२०.

भरपाई म्हणून पुढे केलेल्या गोष्टी मात्र वेगळ्या रकान्यात लिहाव्यात. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कजवळ ‘इव्होल्यूशन’ हा केवळ महिलांचा कार्यक्रम झाला आणि अवघ्या पाच दिवसांनी रियाधमधील ‘क्राउन ज्युएल’मध्ये महिलांची एकही लढत नव्हती, रेने यंग मात्र समालोचन करत होती. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या कार्यक्रमाने दुसऱ्यातील रिकामी जागा भरत नाही, आणि समालोचनाची खुर्ची मिळाली म्हणून रिंगच्या रकान्यात होकार लिहिता येत नाही.