धंदेवाल्यांनो, सुट्टी घेताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांना पार्ट बनवून देण्याचं) युनिट आहे, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, सात माणसं. चौदा वर्षं झाली. चहाच्या टपरीवर नवीन धंद्यात पडलेली पोरं भेटतात आणि त्यातला एखादा तरी हमखास सांगतो की सर, दोन वर्षांत एक सुट्टी नाही घेतली. सांगताना छाती फुगलेली. मी आता काही बोलत नाही, चहा पितो आणि निघतो. पण तेच तेच बघून वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, "काही अडलं तर फोन कर" असं सांगून गावाला जाणं.

पाच-सहा वर्षांपूर्वी गणपतीला सासरी वेळणेश्वरला गेलो होतो. बऱ्याच वर्षांनी पूर्ण पाच दिवस. निघताना ऑपरेटरला हेच वाक्य सांगितलं, काही अडलं तर फोन कर. पहिल्याच दिवशी तेवीस फोन. कूलंटचा कॅन कुठनं आणू, चहावाल्याला पैसे देऊ का, स्क्रॅपवाला आलाय, माल देऊ का. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात आरती चालू, झांजा वाजतायत, रेंज येते ती फक्त मागच्या पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि याचा फोन. ३० एमएमचा बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, टॉलरन्स एच-सेव्हन, म्हणजे खेळायला शून्य ते प्लस २१ मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग) एवढीच जागा. तो म्हणाला बोअर वीस प्लस येतोय, काय करू. मला नीट ऐकू आलं फक्त "वीस". आता बोअरिंगचा इन्सर्ट (कापणारी टीप) झिजला की बोअर लहान होतो हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी सवयीने बोललो, प्लस दहा दे, म्हणजे बोअर दहा मायक्रॉनने वाढव. त्याने पाचच मिनिटांपूर्वी नवीन इन्सर्ट लावलेला, म्हणून बोअर मोठा येत होता, हे मला माहितीच नाही. त्याने प्लस दहा दिला आणि नंतर गेजची गो साइड (आत जायलाच हवी ती बाजू) जातेय एवढंच बघत राहिला. ती जाणारच की, बोअर मोठा झाल्यावर. शिफ्ट संपताना दुसऱ्याने तपासलं तर नो-गो, म्हणजे आत जायलाच नको ती बाजू, पण सरळ आत. ६४ पीस भंगारात. बोअर लहान राहिला असता तर परत मशिनला लावता आला असता, मोठ्या झालेल्या बोअरला काय करणार.

खरं दुखलं ते पुढे. परत आल्यावर मी तापलो तर तो शांतपणे म्हणाला, "सर, मला वाटलंच होतं मायनस द्यायचं, पण तुम्ही प्लस म्हणालात ना."

म्हणजे त्याला उत्तर येत होतं. विचारायची सवय मी लावली होती. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या डोक्याने काही केलं की मी आधी "कुणाला विचारून केलं?" एवढंच बोलायचो, मग तो कशाला डोकं लावेल.

आता माझा नियम असा आहे की मी बाहेर असताना फोन तीनच गोष्टींसाठी. कुणाला लागलं, आग-शॉर्टसर्किट, किंवा गेटवर सरकारी माणूस उभा. तीन हजारांपर्यंतचा खर्च विचारायचा नाही, रजिस्टरमध्ये लिहायचा. क्वालिटीची शंका आली तर मशिन बंद ठेवायची, मी येईपर्यंत. डिलिव्हरी एक दिवस लेट झाली तर कस्टमर ओरडतो आणि विसरतो, रिजेक्शन तो वर्षभर काढत बसतो. आणि हे थेट पाच दिवसांच्या सुट्टीत करून बघू नका. आधी कामाच्या दिवशी अर्धा दिवस फोन बंद करून घरी बसा, मग पूर्ण दिवस, मग दोन. काय काय अडलं ते लिहा. मला यात सात-आठ महिने गेले. नवीन पोरांना हे सांगितलं की म्हणतात एवढा वेळ कुणाला आहे, एक मॅनेजर ठेवून टाकतो. ठेवा. दोन महिन्यांत तो मॅनेजरही तुम्हालाच फोन करतो, फक्त इंग्लिशमध्ये.

दुसरी चूक, सगळे ओटीपी मालकाच्या फोनवर.

मागच्या वर्षी गाडी लोड होऊन अडीच तास गेटवर उभी, ई-वे बिलच्या (माल गाडीतून पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद) लॉगिनचा ओटीपी माझ्या नंबरवर, मी रेंजबाहेर. ड्रायव्हरने माझा जो उद्धार केला असेल तो वेगळाच. अरे, ई-वे बिलच्या पोर्टलवर सब-यूजर बनवता येतो, त्याचा ओटीपी त्याच्या नंबरवर जातो, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. बँकेतही एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची अशी सोय मिळते, विचारून घ्या. स्वतःचा फोनच ऑफिसात ठेवून जाणारे महाभाग पण मी बघितलेत, तसलं काही करू नका.

जीएसटीची तारीख न बघता तिकीट काढणं, ही पण आहेच. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीची बिलं), २० ला ३बी (टॅक्सचं रिटर्न), त्यामुळे मी शक्यतो २१ नंतरच निघतो. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या आत असणाऱ्यांना क्यूआरएमपी या योजनेत रिटर्न तीन महिन्यांतून एकदाच भरता येतं, पण टॅक्स मधल्या दोन महिन्यांतही २५ तारखेपर्यंत भरायचाच असतो, आणि त्या महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (बिलं आधी टाकायची पोर्टलवरची सोय) टाकली नाहीत तर कस्टमरला क्रेडिट दिसत नाही आणि तो तुमच्या सुट्टीतच फोन करतो.

सीसीटीव्ही मोबाइलवर घेऊन जाणं. समुद्रावर बसून कोण किती वेळ मशिनपाशी उभा आहे हे बघणाऱ्याने घरीच थांबावं. मी ॲप काढून टाकलंय.

"काम कमी झालं की जाऊ." काम कमी झालं की टेन्शन वाढतं, तेव्हा तर कुणीच जात नाही.

आणि गुरुवार. आमच्याकडे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, पण कितीतरी मालक "तासभर जाऊन येतो, मेंटेनन्स आहे" म्हणून जातात आणि चारला घरी येतात. मी नऊ वर्षं हेच केलं. त्यातलं निम्मं मेंटेनन्स म्हणजे ऑफिसात एकटं बसून गेल्या वर्षीची बिलं चाळणं. घरच्यांनी वाट बघणं सोडून दिलं होतं, गुरुवारचं जेवण माझ्याशिवाय सुरू व्हायचं, मला ते दिसतही नव्हतं.

बर्नआउट वगैरे आयटीवाल्यांचं असं मलाही वाटायचं. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये त्याची जी व्याख्या केली तिच्यात आजार म्हटलेलं नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय, आणि तीन गोष्टी सांगितल्यात: अंगातला दम संपणं, कामाचा तिटकारा येणं, काम जमेनासं होणं. दुसरी वाचून मी गप्प झालो. तेव्हा माझं असं होतं की कस्टमरचं नाव स्क्रीनवर आलं की पोटात गोळा यायचा, आणि नवीन कोटेशनचे मेल मी तीन-तीन दिवस उघडायचो नाही. धंदा माझा, ऑर्डर मला हवी, आणि मीच लपतोय.

गेल्या गणपतीला परत वेळणेश्वर, पाच दिवस. एकच फोन आला, तो पण चुकून लागलेला. आल्यावर रजिस्टर उघडलं, सात ओळी. चहावाल्याला ४२० दिले. बेल्ट बदलला. एक बॅच शंका आली म्हणून थांबवून ठेवलीय. कूलंट आणला, तो चुकीच्या ग्रेडचा आणला होता, बावीसशे रुपये. ऑपरेटरने तसं खाली स्वतःच लिहिलेलं. मी वाचलं, रजिस्टर मिटलं आणि काही बोललो नाही. जड गेलं पण.