टर्मिनलचे काम सुरू असताना विमान चुकू नये म्हणून काय करावे

नवे टर्मिनल बांधायचे म्हणून विमानतळ बंद ठेवणे जवळपास कुठेच परवडत नाही. त्यामुळे अर्धी इमारत पाडायची, उरलेल्या अर्ध्या इमारतीत तेवढेच प्रवासी सामावून घ्यायचे आणि काम पुढे न्यायचे, हीच पद्धत जगभर आहे. अशी कामे वर्षानुवर्षे चालतात. या काळात प्रवास करायचा तर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे तासभर लवकर निघणे. तो अपुरा आहे, कारण वेळ नेमका कुठे जातो हे त्यात धरलेलेच नसते. दिसणाऱ्या रांगेइतकाच, कधी कधी तिच्यापेक्षा जास्त वेळ रांगेच्या आधी आणि नंतर जातो. हलवलेले प्रवेशद्वार, बंद सरकता जिना, पत्र्याच्या भिंतींमधून वळसा घालत जाणारी वाट, विमानापर्यंत नेणारी बस, हे सगळे हिशेबात धरले तरच निघण्याची खरी वेळ कळते.

आधी रांग कशी वाढते ते समजून घ्या

समजा सुरक्षा तपासणीच्या ८ मार्गिका आहेत आणि प्रत्येकीतून तासाला १५० माणसे पुढे जातात. म्हणजे तासाला १,२०० जणांची सोय झाली. येणारे प्रवासी तासाला १,१०० असतील तर रांग फारशी साचत नाही. आता बांधकामासाठी यातल्या दोन मार्गिका बंद झाल्या. क्षमता ९०० वर आली आणि दर तासाला २०० माणसे मागे उरू लागली. दोन तासांत ४०० जण साचले, की शेवटच्या माणसाला सुमारे २७ मिनिटे थांबावे लागते आणि तिसऱ्या तासाअखेर ४० मिनिटे. मार्गिका एक चतुर्थांशच कमी झाल्या, पण थांबणे जवळपास शून्यावरून पाऊण तासाकडे गेले.

यातून एक कामाची गोष्ट निघते. साचलेली रांग गर्दीची वेळ संपताक्षणी ओसरत नाही. येणाऱ्यांचा ओघ ९०० च्या खाली गेल्यावरच ती हळूहळू कमी होऊ लागते. म्हणून गर्दी सरल्यावर अर्ध्या तासाने पोहोचणाऱ्यालाही तीच रांग भेटते. गर्दी सुरू होण्याच्या थोडे आधी पोहोचणारा मात्र सुटतो.

तिकीट काढताना

विमानतळाच्या संकेतस्थळावर पुनर्विकासाचे वेळापत्रक बहुधा दिलेले असते. त्यात नवी इमारत कधी उघडणार, कोणती विमान कंपनी कधी स्थलांतर करणार, कोणता भाग कधी बंद होणार, या तारखा शोधा. माझ्या मते बांधकामाच्या मधल्या संथ महिन्यांपेक्षा हे बदलाचे दिवस कितीतरी अवघड असतात. मधल्या काळात कर्मचाऱ्यांना गैरसोयीचीही सवय झालेली असते. बदलाच्या दिवशी मात्र सगळेच नवखे असतात.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी उघडले. इमारत पूर्ण होती, यंत्रणाही नवी होती. पण पहिल्याच सकाळी कर्मचाऱ्यांना वाहनतळ सापडेनात, त्यांच्या स्वतःच्या सुरक्षा तपासणीला उशीर झाला आणि सामानाची यंत्रणा तुंबली. पुढच्या काही दिवसांत ५०० हून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि हजारो बॅगा प्रवाशांविना मागे राहिल्या. हाँगकाँगचा चेक लाप कोक विमानतळ जुलै १९९८ मध्ये सुरू झाला, तेव्हाही सुरुवातीचे दिवस असेच गोंधळाचे गेले होते. तेव्हा शक्य असेल तर बदलानंतरचे पहिले दोन आठवडे टाळा. टाळता येत नसतील तर फक्त केबिन बॅग घेऊन प्रवास करा.

पहाटेचे विमान घ्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. दिवसभरात साचत जाणारा उशीर पहाटेच्या विमानाला लागत नाही, हे खरे. पण अनेक विमानतळांवर सुरक्षा तपासणीची सगळ्यात मोठी गर्दीही पहाटेच असते. शिवाय रात्री हाती घेतलेले काम सकाळपर्यंत लांबले तर त्याचा फटका पहिल्या उड्डाणांना बसतो. मधला मार्ग म्हणजे सकाळची पहिली लाट निघून गेल्यानंतरचे, पण दुपारच्या आतले विमान.

विमान बदलून पुढे जायचे असेल तर एक नियम पक्का ठेवा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. एका तिकिटावर पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले, तर तुम्हाला पुढे पोहोचवणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर ती तुमची एकट्याची. आरक्षण प्रणाली दाखवते ती जोडउड्डाणाची वेळ किमान असते, ऐसपैस नव्हे. टर्मिनल बदलायचे असेल आणि तिथे काम चालू असेल, तर त्यानंतरचे विमान निवडा.

ज्येष्ठांसाठी आणि चालायला त्रास असणाऱ्यांसाठी

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते आणि सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. म्हणून थोडे सविस्तर.

बांधकामात सर्वांत आधी लिफ्ट आणि सरकते जिने बंद होतात. विमानाला थेट जोडणारे पूल कमी पडतात, मग विमान लांब उभे राहते, बसने जावे लागते आणि शिडी चढावी लागते. एरवी घरात, बाजारात सहज फिरणाऱ्या माणसालाही ही शिडी जड जाते. व्हीलचेअरची मदत मागताना विमान कंपन्या तीन प्रकार ओळखतात आणि त्यांतला फरक इथे फार महत्त्वाचा ठरतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत, मात्र विमानात आपल्या जागेपर्यंत चालता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेपर्यंतही मदत लागते. अनेकदा संकोचापोटी पहिला प्रकार निवडला जातो आणि शिडीपाशी आल्यावर अडचण उभी राहते. पहिल्या प्रकारात तुम्ही शिडी चढाल असे गृहीत धरलेले असते. दुसऱ्या प्रकारात उचलून नेणारे वाहन किंवा रॅम्प यांची सोय आधीच केली जाते. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता दुसरा प्रकार सांगा.

ही मागणी उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी नोंदवा. युरोपीय संघाच्या नियमांत हीच मुदत आहे आणि इतरत्रही ती पाळलेली बरी. नोंद झाल्यावर मदतकक्ष सध्या कोणत्या दाराशी आहे हेही विचारून घ्या, कारण कामाच्या काळात तोही हलतो. ऑटिझम, स्मृतिभ्रंश असे बाहेरून न दिसणारे त्रास असलेल्यांसाठी अनेक विमानतळ सूर्यफुलाचे चित्र असलेली गळ्यातली हिरवी पट्टी देतात. ही पद्धत २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आवाज, धूळ आणि सतत बदलणाऱ्या वाटा यांनी गोंधळून जाणाऱ्या माणसाला तिचा मोठा आधार होतो.

आदल्या दिवशी

टर्मिनल आणि प्रवेशद्वार पुन्हा तपासा. तिकीट काढताना छापलेले टर्मिनल दरम्यान बदललेले असू शकते. फोनमधल्या नकाशावर नवा तात्पुरता रस्ता आलेलाच असेल असे नाही, म्हणून विमानतळाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना खरी माना.

ऑनलाइन चेक-इन उरकून बोर्डिंग पास फोनमध्ये जतन करून ठेवा. तात्पुरत्या मंडपात नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते.

बॅग भरताना जुन्या तपासणी यंत्राचा विचार करा. नव्या सीटी स्कॅनरमध्ये लॅपटॉप आणि द्रवपदार्थ बॅगेतच ठेवता येतात, जुन्या एक्स-रे यंत्रात बाहेर काढावे लागतात. पुनर्विकासाच्या काळात एकाच विमानतळावर दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी चालू असतात आणि कोणती वाट्याला येईल हे आपल्या हाती नसते. म्हणून लॅपटॉप सगळ्यात वर आणि १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटल्या पारदर्शक पिशवीत, हाताला लगेच लागतील अशा ठेवा. पॉवर बँक नेहमी केबिन बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत ती सापडली तर बॅग अडकते.

निघण्याची वेळ उलटी मोजा

मोजणी विमान सुटण्याच्या वेळेपासून सुरू करू नका, गेट बंद होण्याच्या वेळेपासून सुरू करा. समजा विमान १० वाजता आहे आणि गेट ९:४० ला बंद होते. तपासणीनंतर तात्पुरत्या गेटपर्यंत चालायला २५ मिनिटे धरा, म्हणजे ९:१५ ला तपासणी संपायला हवी. तपासणीला ४५ मिनिटे, म्हणून रांगेत ८:३० ला उभे राहायचे. बॅग द्यायला अर्धा तास, म्हणजे इमारतीत ८ वाजता शिरायचे. गाडीतून उतरून दारापर्यंत १५ मिनिटे, म्हणजे ७:४५ ला गाडीतून उतरलेले असायला हवे. बॅग द्यायची नसेल तर सव्वाआठ चालतील. बॅग स्वीकारणे बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटे आधी थांबते, तीही मर्यादा या हिशेबात बसते का पाहा.

शेवटचा रस्ता वेगळा मोजा. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाचे मोठे पुनर्बांधकाम २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे इतकी वाहतूककोंडी झाली, की लोक टॅक्सीतून उतरून बॅगा ओढत महामार्गाच्या कडेने टर्मिनलकडे चालत गेले. विमानतळाच्या तोंडाशी खोदकाम असेल तर रेल्वे किंवा मेट्रो निवडा. ती नसेल तर या टप्प्याला अर्धा तास जास्त द्या.

संकेतस्थळावर प्रतीक्षेची वेळ दाखवत असतील तर ती पाहा, पण जरा सावधपणे. ती वेळ मोजणारे कॅमेरे आणि संवेदक ठरावीक जागेवरच नजर ठेवतात. रांग त्या जागेच्या बाहेर गेली असेल तर खरी वेळ दाखवलेल्या वेळेहून जास्त असते.

फार लवकर जाण्यानेही नुकसान होते. बॅग घेण्याचे काउंटर ठरावीक वेळेआधी उघडत नाहीत. आधी आलेली माणसे तिथेच बसून राहतात, वाट अडते आणि ज्यांचे विमान आधी आहे ते मागे पडतात. २०२२ च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या टंचाईमुळे रांगा इमारतीबाहेर गेल्या. तेव्हा चार तासांपेक्षा आधी येऊ नका, असे प्रवाशांना सांगण्याची वेळ आली होती.

रांगेत उभे असताना

अंदाजावर घाबरू नका, मोजा. पुढे एखादा खांब किंवा रांगेचे वळण निवडा आणि पाच मिनिटांत तिथून किती माणसे पुढे सरकली ते मोजा. चाळीस सरकली आणि तुमच्यापुढे साधारण २४० आहेत, तर अर्धा तास लागणार. त्यात गेटपर्यंतचे चालणे मिळवा. बेरीज गेट बंद होण्याच्या वेळेपलीकडे जात असेल तर लगेच बोला. बोर्डिंग पास हातात धरून कर्मचाऱ्याला एवढेच सांगा: “गेट ९:४० ला बंद होतंय, या वेगाने मी पोहोचणार नाही.” वेळेचा आकडा ऐकला की त्यालाही निर्णय घेणे सोपे जाते. विमान सुटायला दहा मिनिटे उरल्यावर केलेल्या विनवणीचा उपयोग नसतो, कारण तोवर गेट बंद झालेले असते.

रांगेत उभे राहिलात त्या वेळी एक फोटो काढून ठेवा आणि बॅग दिल्याची पावती जपा. जानेवारी २०२२ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रादेशिक उच्च न्यायालयाने एका खटल्यात, वेळेत येऊनही तपासणीच्या रांगेमुळे विमान चुकलेल्या प्रवाशांना सरकारकडून भरपाई मंजूर केली. विमानतळाने सांगितलेली वेळ प्रवाशांनी पाळली होती, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला.

विमान चुकलेच तर

पहिला फोन विमान कंपनीला. बहुतेक कंपन्यांच्या नियमांनुसार पहिल्या टप्प्याला प्रवासी आला नाही, तर त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे आणि परतीचे विमानही रद्द होते. “मी विमानतळावरच आहे, पुढचे टप्पे कायम ठेवा” हे विमान सुटण्याआधी सांगितले तर नव्या उड्डाणात जागा मिळण्याची शक्यताही वाढते. रांगेत असतानाच हा फोन करता येतो.

युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार मिळणारी २५० ते ६०० युरोंची भरपाई विमान कंपनीमुळे झालेल्या उशिरासाठी किंवा रद्द उड्डाणासाठी आहे. तपासणीच्या रांगेत विमान चुकले तर ती लागू होत नाही. तिथे प्रवास विम्याचा उपयोग होऊ शकतो, म्हणून विमा घेताना विमानतळावरच्या खोळंब्याने चुकलेले उड्डाण त्यात धरले आहे का ते वाचून घ्या.

उतरल्यावर

आगमनाच्या बाजूलाही काम चालू असेल तर सामानाचे पट्टे कमी असतात आणि बॅग भलत्याच पट्ट्यावर येऊ शकते. शेजारचे पट्टे एकदा पाहून घ्या. बॅग आलीच नाही किंवा मोडलेली आली, तर त्या दालनातून बाहेर पडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. उशिरा आलेल्या बॅगेबद्दलची तक्रार बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत.

न्यायला येणाऱ्या माणसाला विमान उतरण्याआधी नव्हे, तर बॅग हातात आल्यावर निघायला सांगा आणि वाहने सध्या कुठे थांबू देतात ते दोघांनीही त्याच सकाळी तपासून घ्या. बांधकामाच्या काळात ही जागा महिन्याभरातही बदलते.