छाटणीआधी अंदमान गाठायचं असेल तर

द्राक्षाची शेवटची गाडी भरून गेली, व्यापाऱ्याशी हिशेब झाला, की एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती द्यायची, हे तासगावच्या बागाईतदाराला कुणी सांगावं लागत नाही. मालकाच्या मानेचं मात्र कुणी विचारत नाही. हंगामभर मांडवाखाली हात वर करून काम झालेलं असतं, वर ट्रॅक्टरचे हिसके, आणि बेदाण्याचं शेड असेल तर रॅकवरची वाकवाक निराळीच. पुढं लिहिलंय ते या पंधरवड्यासाठी. ज्यांना अंग मोकळं करून घ्यायचंय आणि पाखरं, कासवं, मासेही बघायचेत, त्यांच्यासाठी.

अंदमानच का? पासपोर्ट लागत नाही, आणि मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात हा आपल्या सवडीचा काळ तिथं समुद्र शांत असण्याचा काळ आहे. उकडतं, घामाच्या धारा लागतात, पण बोटी वेळेवर सुटतात आणि पाणी तळापर्यंत दिसतं. मेच्या मध्यानंतर पावसाळी वारं सुरू झालं की नाद करायचा नाही.

आमच्याकडची माणसं बेटावर जाऊन दोनपैकी एक करतात. एक तर रिसॉर्टमध्ये लोळून येतात, नाही तर सकाळपासून रात्रीपर्यंत या बोटीतून त्या बोटीत पळून, गेले त्यापेक्षा जास्त दमून परत येतात. दोन्ही साधायचं असेल तर आधी घड्याळ समजून घ्या. अंदमानला घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. बेटं पार पूर्वेला, त्यामुळं सांगलीच्या मानानं तिथं तासाभराहून लवकर उजाडतं. मार्चअखेरीला सव्वापाचच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि साडेपाचच्या सुमाराला मावळतो. आठला उठून, नाश्ता करून दहाला ‘चला जंगल बघू’ म्हणणाऱ्याला फक्त झाडं दिसतात. एजंटानं दिलेला कार्यक्रम हमखास असाच असतो, तो घेऊ नका.

म्हणून दिवस असा बसवा. सव्वाचारला उठायचं. रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला उठणाऱ्यांना हे जड नाही. पाचच्या आत जागेवर, आठपर्यंत पाखरं. मग पोटभर नाश्ता. अकरा ते तीन ऊन मी म्हणतं, पाखरं गप्प असतात, माणसानंही गप्प असावं; मसाजची वेळ हीच. त्यानंतर झोप. साडेतीनला उठून पाण्याकडं किंवा तिवरांकडं. अंधार पडल्यावर जमलं तर घुबडं, नाही तर जेवून आठला आडवं.

मसाज सकाळी घेतला तर अंग सैल पडतं, डोळे मिटतात आणि पुढचा दिवस हातातून जातो. संध्याकाळी समुद्रावरून आलेली सगळी गर्दी स्पाच्या दारात असते. दुपारी तिथं बहुतेक वेळा सामसूम असते, कामाची माणसं घाईत नसतात, आणि विचारलं तर दरातही थोडं इकडंतिकडं होतं. विचारायला लाजायचं कशाला, आपण बेदाण्याच्या सौद्यात वाढलेली माणसं.

स्पाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच आपली माणसं बुजतात. खोली बुक करतानाच फोनवर विचारून घ्या: मसाज करणारी बाई आहे का पुरुष, तुम्हाला कोण चालेल ते सांगा, नवराबायकोला एकाच वेळी वेगळ्या खोल्यांत मिळेल का, साठ मिनिटं म्हणजे अंगावर साठ मिनिटं का कपडे बदलण्यासकट, आणि कर धरून किती. आत गेल्यावर ‘काय त्रास?’ विचारतात तेव्हा ‘काही नाही’ म्हणू नका. बोट ठेवून दाखवा: इथं मान, इथं खांद्याचं पातं, इथं कंबर. जोर जास्त झाला तर तोंड उघडायचं. दात खाऊन सोसायचं, ही आपली खोड तालमीत ठीक आहे.

आता प्रकार. स्वीडिश म्हणजे तेल लावून लांब, हलक्या हातानं. डीप टिश्यू म्हणजे गाठीवर अंगठा रोवून. थाई बिनतेलाचा, कपड्यांवर, हातपाय ओढून-वळवून. गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. अभ्यंग म्हणजे कोमट तिळाचं तेल, ते आपल्याला दिवाळीच्या पहाटेपासून माहीत आहे. माझं मत विचाराल तर मांडवानं धरलेल्या खांद्यांना मध्यम जोराचा, फक्त पाठ-मान-खांद्यांवरचा तासाभराचा मसाज पुरतो. दीड-दोन तासांच्या पॅकेजात निम्मा वेळ कॉफी आणि पपई अंगाला चोपडण्यात जातो. आणि ‘तीन दिवसांत पंचकर्म’ अशी पाटी दिसली तर हसून पुढं जा. वमन-विरेचनाला, म्हणजे औषधानं उलटी-जुलाब करवायला, आधी तयारी आणि नंतर पथ्य लागतं, ते दिवसभर समुद्रात डुंबत होत नाही.

साखर असलेल्यांनी एक पक्कं लक्षात ठेवा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर गरम दगडांचा मसाज पायावर नको. भाजलेलं कळतसुद्धा नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पिंढरीच्या शिरा फुगलेल्या असतील, तर जोराचा मसाज नको, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब असेल तर वाफेच्या खोलीचं तसंच. उन्हानं पाठ लाल झाली असेल त्या दिवशी स्क्रबही नको आणि वाफही नको. जेवल्यावर दोन तास थांबा. मासळीचं ताट मसाजनंतर जास्त गोड लागतं. मोबाइल खोलीतच ठेवा. छाटणीच्या टोळीचा मुकादम नेमका त्याच तासात फोन करतो.

तेल लागलेल्या अंगानं समुद्रात उतरायचं नाही. साबण लावून अंघोळ करा, आणि शक्य असेल तर मसाज आणि पाणी वेगवेगळ्या दिवशी ठेवा. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, त्याला तेल आणि क्रीम सोसत नाही. सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रवाळाला घातक मानून अमेरिकेतल्या हवाई राज्यानं तशा क्रीमच्या विक्रीवर २०२१पासून बंदी घातली. सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट. फवारणीला अंग झाकून घेतोच, तसं इथंही झाका. स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर त्या दिवशी जोराचा मसाज टाळा. खोल पाण्यातून आल्यावर सांधे दुखले तर ते मसाजनं दुखताहेत का खोल पाण्यात रक्तात मुरलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी, हे कळायला मार्ग राहत नाही. आणि डायव्हिंगनंतर चोवीस तास विमान नको, म्हणजे डायव्हिंग सहलीच्या मध्यात ठेवायचं, शेवटी नाही.

आता पाखरं. तासगावातून रात्रीचा प्रवास, पुढं चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूहून विमान, असं करून पोर्ट ब्लेअरला उतरता तेव्हा अंगाचं पार भरीत झालेलं असतं. (२०२४मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, बोलण्यात दोन्ही चालतात.) त्या दिवशी काही बघू नका, सेल्युलर जेलसुद्धा परतीच्या मुक्कामावर ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून चिडिया टापूला जा, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. अंदमान-निकोबारमध्ये जगात दुसरीकडं कुठंच नाहीत असे वीसहून अधिक पक्षी आहेत आणि त्यातले बरेच या एका रस्त्यावर भेटतात. अंदमानचा सुतार मोठा, काळाकुट्ट, नराच्या डोक्यावर लाल तुरा. भारद्वाज आपल्याकडं बांधावर फिरतो तो काळा, तिथला मातकट खाकी. सर्पगरुड तारेवर बसलेला सापडतो. स्थानिक पक्षी-मार्गदर्शक घ्या. घुबडं बघायची असतील तर त्याच्याशिवाय जमत नाही, तिथं रात्री दोन-तीन जातींचे आवाज एकात एक मिसळतात. टॉर्च त्याच्याच हातात असू द्या, सगळ्यांनी मिळून घुबडाच्या डोळ्यात उजेड मारू नये.

परतताना सिप्पीघाटला थांबा. २००४च्या भूकंपात जमीन खचली, त्सुनामीचं खारं पाणी शेतात शिरलं ते कायमचंच. आता तिथं बगळे, पाणकावळे आणि अंदमानची खास तपकिरी बदकं दिसतात. पाखरं बघणाऱ्याला चैन आहे, पण शेतकऱ्याला तिथं फार वेळ उभं राहवत नाही.

रॉस बेटावर हरणं दिसतात म्हणून उड्या मारू नका. चितळ बाहेरून आणून सोडलेलं आहे, आणि आपल्या देवराष्ट्राजवळच्या सागरेश्वर अभयारण्यातही तसंच. ते देवराष्ट्राला जाऊन बघता येतं. बाराटांग बेटाच्या रस्त्याला जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. तिथं थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे. मी तो रस्ता कार्यक्रमात घेतच नाही. माणसं बघायला जाणं हे पाखरं बघण्यात बसत नाही.

मग बोटीनं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. चार रात्री इथंच काढा, रोज मुक्काम हलवला की मसाजचा उपयोग बॅगा उचलण्यात जातो. स्पा असलेली बहुतेक रिसॉर्ट याच बेटावर आहेत. एक पहाट राधानगरच्या किनाऱ्यामागच्या जंगलात, एक सकाळ एलिफंट बीचला डोकं पाण्यात घालून मासे बघायला, एक संध्याकाळ कयाकमधून तिवरांत. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हातही लावायचा नाही. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून तरंगत बघता येतं, आमच्या सौ. तशाच बघतात. पाखरांसाठी पहाटे उठायला त्या तयार नसतात. ‘तुमची पाखरं झाली की नाश्त्याला उठवा’ असा आमचा करार आहे. जोडीनं जाणाऱ्यांनी असा करार निघायच्या आधीच करावा.

तारखा ठरवताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्या बघा. काळोख्या रात्री पाण्यात हात फिरवला की सूक्ष्म जीवांमुळं निळसर उजेड पडतो. चंद्र असेल तर तो दिसत नाही. अमावास्येला ओहोटीही मोठी असते, नीलवर म्हणजे शहीद द्वीपवर खडकांच्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, तारामासे उघडे पडतात. ओहोटीची वेळ हॉटेलात विचारा आणि जाड तळाची चप्पल घाला.

मगरीबद्दल. औदुंबर-भिलवडीकडं कृष्णेतल्या मगरी बघून आपली भीड चेपलेली असते. ती गोड्या पाण्यातली मगर. अंदमानची खाऱ्या पाण्यातली, जगातला सगळ्यात मोठा सरपटणारा प्राणी, आणि ती समुद्रातून बेटाबेटांवर फिरते. २०१०मध्ये राधानगरजवळ पाण्यात उतरलेल्या एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीनं जीव घेतला. पाटी लावली असेल तिथं, ओढ्याच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात नाही म्हणजे नाही. उजेडाचं पाणी बघायचं तेही गाइडबरोबर, तो सांगेल तिथंच.

वाळूतल्या बारीक माश्या पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात, चावलेलं आठवडाभर खाजतं. पूर्ण पॅन्ट घाला, वाळूवर थेट बसू नका. दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर काचेची) पुरते, तिला दमटपणाचा त्रास होतो म्हणून एसीतून एकदम बाहेर काढू नका, काच धुरकटते.

शेवटी शंख-शिंपले. किनाऱ्यावरचा मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुलांनी शंखाचा हट्टच धरला तर सरकारी एम्पोरियममधून घ्या, आणि पावती बॅगेत नाही, खिशात ठेवा.