रोजच्या इंग्रजीचा शब्दसंग्रह कसा वाढवावा

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना ‘एन्व्हायरन्मेंट’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ यांसारखे लांबलचक शब्द स्पेलिंगसह पाठ असतात. परंतु समोरच्याने ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ असे म्हटले की ते अडखळतात, वास्तविक त्या वाक्यातला एकही शब्द त्यांना नवा नसतो. मीटिंग पुढे ढकलली आहे, हा अर्थ ‘पुट’मध्येही नाही आणि ‘ऑफ’मध्येही नाही, तो त्यांच्या जोडीत आहे. म्हणून सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करण्याऐवजी प्रत्येक शब्द त्याच्या नेहमीच्या सोबत्यांसह टिपून ठेवावा.

प्रारंभी फार शब्दांची गरजही नसते. पूर्वी ढाक्यात अध्यापन केलेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण लिखित मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग अशा शब्दांनीच व्यापलेला असतो. २०१३ मध्ये तयार झालेली याच धर्तीची नवी यादी, ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’, सुमारे २,८०० शब्दांची असून ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. ती समोर ठेवून अनोळखी शब्दांवर खूण करावी. बहुतेकांना खुणा थोड्याच कराव्या लागतील. खरे काम ओळखीच्या शब्दांवर करायचे आहे.

त्यातही ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘मेक’, ‘गो’, ‘कम’ या छोट्या क्रियापदांना सर्वाधिक वेळ द्यावा. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो आणि दांडीही मारतो. यांपैकी कशातही कोणाला मार बसत नाही, आणि मराठी मुलाला ते कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजी क्रियापदे अशीच वागतात. एका आठवड्यात एकच क्रियापद घ्यावे आणि त्याचे चार-पाच उपयोग वाक्यांसह लिहावेत. उदाहरणार्थ, ‘टेक युअर टाइम’ म्हणजे सावकाश होऊ द्या, ‘द प्लेन टुक ऑफ’ म्हणजे विमानाने उड्डाण केले, आणि ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणजे ती आईवर गेली आहे. शेवटच्या वाक्यापुढे मराठी वाक्प्रचारच लिहावा. ‘आईसारखी दिसते किंवा वागते’ असे लांब स्पष्टीकरण लक्षात राहत नाही.

नामांच्या जोड्याही अशाच ठरलेल्या असतात. कडक चहाला ‘स्ट्राँग टी’ म्हणतात, मुसळधार पावसाला ‘हेवी रेन’. निर्णय ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. मराठीत दारही बंद होते आणि दिवाही, त्यामुळे ‘क्लोज द लाइट’ सहज तोंडून निघते. इंग्रजीत दिवा ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ करतात. एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करण्याची आपली सवय ‘डिस्कस अबाउट’ म्हणायला लावते, वस्तुतः तेथे ‘अबाउट’ लागत नाही. आपल्या मराठीमुळे होणाऱ्या अशा चुकांसाठी वहीत स्वतंत्र पान राखावे. माझ्या मते तेच पान सर्वांत उपयोगी ठरते. जोड्या तपासण्यासाठी परकीय विद्यार्थ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरावा, कारण इंग्रजी-मराठी कोश अर्थ चटकन देतो, पण शब्दाचा वापर क्वचितच दाखवतो.

लिहिलेले विसरणे स्वाभाविक आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी आणि पुढच्या उजळण्यांमधले अंतर वाढवत न्यावे. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्य लिहावे. मराठी वाचून इंग्रजी आठवण्याचा प्रयत्न करावा आणि मगच कार्ड उलटावे. ‘अँकी’सारखे ॲप हे वेळापत्रक आपोआप सांभाळते. दिवसाला पाच-सहा नवी कार्डे पुरतात.

वाक्प्रचारांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. समजणारे वाक्प्रचार पुष्कळ असावेत, स्वतः वापरायचे मोजकेच. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत हमखास सापडते, पण आजच्या इंग्रजी भाषकांच्या बोलण्यात क्वचितच येते. ‘किक द बकेट’चा अर्थ मरणे असला, तरी तो थट्टेचा प्रयोग आहे; शोकसंदेशात तो लिहिल्यास अनर्थ होईल. अवघड परिस्थितीसाठी इंग्रज वापरतात तो ‘स्टिकी विकेट’ क्रिकेटमधून आलेला असल्याने आपल्याला आवडतो, पण अमेरिकी माणसाला तो कळेलच असे नाही. त्यापेक्षा ‘इट स्लिप्ड माय माइंड’ (लक्षातून गेले), ‘लेट्स कॉल इट अ डे’ (आज इथेच थांबू) आणि ‘कीप मी पोस्टेड’ (कळवत राहा) हे प्रयोग आधी आत्मसात करावेत. नवा प्रयोग दोन-तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडून ऐकल्याशिवाय स्वतः वापरू नये.

परदेशी जाणाऱ्यांनी भारतीय इंग्रजीतले प्रयोगही एकदा तपासून घ्यावेत. ‘प्रीपोन’ किंवा ‘आउट ऑफ स्टेशन’ पुण्या-मुंबईत सर्वांना कळते आणि येथे ते वापरण्यात गैर काही नाही. परंतु लंडनच्या मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असे सांगितल्यास ऐकणाऱ्याला उमेदवार त्या वर्षी बेशुद्ध पडला होता असे वाटू शकते. तेथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणावे.