आधी नांगर, मग झाकण : सांगलीत राहून आऊटबोर्ड शिकताना

सांगलीला समुद्र नाही. त्यामुळं मी बोटीची इंजिनं दुरुस्त करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कुठं, आमराईच्या बागेत?" २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी बघितला, ते मात्र असं विचारत नाहीत.

त्या आठवड्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची खूण ओलांडली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. माझं दुचाकीचं गॅरेज पाण्यात गेलेलं, त्यामुळं मी रिकामाच होतो. बाहेरून आलेल्या एका मदतपथकाची रबरी बोट काठाला बंद पडली आणि 'ह्यो मेकॅनिक हाय' म्हणत लोकांनी मला पुढं ढकललं. मी प्लग काढले, पुसले, ठिणगी बघितली. सगळं व्यवस्थित. तरी इंजिन दोन-तीन मिनिटं चालायचं, मग धापा टाकत बंद पडायचं. मी कार्बोरेटर उघडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात पथकातल्या एका जवानानं पेट्रोलच्या टाकीवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल केला. फुस्स करून टाकीनं हवा ओढली, आत ओढली गेलेली तिची बाजू परत बाहेर आली आणि त्या दिवशी ते इंजिन पुन्हा बंद पडलं नाही. बारा वर्षं पाने चालवलेला मी तिथं चिखलात पाना हातात धरून उभा.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हाच किस्सा सांगतो. आजचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून बसवायचं इंजिन, बचावपथकांच्या भाषेत ओबीएम, स्वतःहून फार क्वचित दगा देतं. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं वेगळी होती. लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, म्हणजे ५० ला १ असं प्रमाण मापून घालायचं. मिश्रण चुकलं की एक तर धूर, नाही तर पिस्टन जाम. आताच्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं, इंजेक्शन कॉम्प्युटरच्या ताब्यात, आणि तापमान वाढलं तर इंजिन भोंगा वाजवून आपणच वेग कमी करतं. नवी पोरं या भोंग्याला घाबरतात. घाबरू नका, ते इंजिन स्वतःला वाचवत असतं. पण तो वाजत असताना दामटून पुढं गेलात, तर पुढचा खर्च तुमचा.

बिघडतं ते इंजिनाच्या आजूबाजूचं. त्यातही पेट्रोल पहिलं.

आपल्याकडं पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पुरासाठी म्हणून एखाद्या गावानं बोट घेतली, जूनमध्ये टाकी भरून ठेवली आणि तिची आठवण ऑगस्टमध्ये झाली, की टाकीच्या तळाला पाणी आणि इथेनॉलचा थर जमलेला असतो. नळी तळातूनच ओढते, त्यामुळं इंजिनाच्या तोंडात पहिला घोट तोच जातो. म्हणून दोन गोष्टी अंगवळणी पाडा. पेट्रोल ताजं भरायचं. आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा. पारदर्शक वाटीचा मिळाला तर उत्तम, पाणी तळाशी डोळ्यांना दिसतं. शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून पाच मिनिटं ठेवा. माझ्या कपाटात लोणच्याची एक रिकामी बरणी फक्त याच कामाला आहे. घरच्यांना ती अजून परत हवी आहे.

नळीवरचा रबरी फुगा दाबून बघायचीही सवय लावा. दाबून घट्ट होत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुतेक वेळा कनेक्टरच्या रिंगमधून. इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाही. मग माझा तो हवेचा स्क्रू आठवा.

इंजिन सुरूच होत नसेल तर प्लगकडं जाऊ नका, लाल दोरी बघा. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून ती मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची असते. तिची क्लिप स्विचवरून निसटली की इंजिन घेत नाही. 'बंद पडलंय' म्हणून मला आलेल्या फोनांपैकी कितीतरी नुसती क्लिप लावून मिटलेत. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहायचं.

इंजिन चालू असताना त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची एक बारीक धार मागून पडते. ती थांबली तर इंजिन लगेच बंद करा. आत पाणी खेचणारा रबरी इंपेलर असतो. तो कोरडा फिरला की काही सेकंदांत खराब होतो, म्हणून जमिनीवर इंजिन 'नुसतं जरा बघतो' म्हणून चालू करायचं नाही. मी प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून चालवतो. पुराच्या पाण्यात गाळ आणि पिशव्या, समुद्रात वाळू आणि शेवाळ; धार दोन्हीकडं थांबते.

बोटीला ढकलणाऱ्या पंख्यात मात्र आपल्याकडं समुद्रापेक्षा जास्त अडकतं. उसाचं पाचट, साड्या, ठिबकच्या नळ्या, केबल टीव्हीच्या वायरी. इंजिन बंद करून, दोरीची क्लिप काढून मगच हात घालायचा, आणि चाकू जवळ हवाच. समुद्रात मासेमारीची तंगूस पंख्याच्या मागं गुंडाळली जाते आणि सील कापते. मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. सर्व्हिसला ऑइल काढलं आणि ते दुधाळ निघालं तर हेच कारण समजा. नवीन ऑइल नेहमी खालच्या छिद्रातून भरायचं, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

हे सगळं मी सांगलीत शिकलो, पण माझं डोकं जागेवर आणलं ते मालवणनं. २०१९ चा पूर ओसरल्यावर त्या हिवाळ्यात मी तिथं चार महिने एका पर्यटन बोटीवर मदतनीस म्हणून राहिलो. एका दुपारी किनाऱ्यापासून काही अंतरावर इंजिन खोकून बंद पडलं. मी लगेच झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. फिल्टरमध्ये पाणी दिसलं, मनात खूश झालो, दोन मिनिटांचं काम. मागून बोटीचे प्रमुख तांडेलकाका ओरडले, "आधी नांगर टाक रे! मगे इंजिनाक हात लाव." मान वर केली तर वाऱ्यानं बोट खडकांकडं सरकत चाललेली. पांढरा फेस स्पष्ट दिसत होता. इंजिनात डोकं असताना मला ते दिसणार तरी कसं?

त्या दिवसापासून माझा क्रम बदलला. बोट बंद पडली की आधी सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट. मग पुढच्या टोकाकडून नांगर, खोलीच्या किमान पाच पट दोरी सोडून. नांगर पाठीमागून टाकला तर लाट मागून आत येते आणि इंजिनाच्या वजनानं बोट बुडते. नांगर पुरत नसेल इतकं खोल असेल तर पुढच्या बाजूला दोरीनं बादली बांधून पाण्यात सोडायची. त्यानं बोटीचं तोंड वाऱ्याकडं राहतं. मग आपण कुठं आहोत ते कोणाला तरी कळवायचं. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६, मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. झाकण सगळ्यात शेवटी. किनाऱ्यावर गावकऱ्यांना सांगून निघायचं, कुठं जातोय आणि कधी परत येणार. आणि इंधनाचा हिशेब तिसऱ्यात करायचा. एक भाग जायला, एक यायला, एक न वापरायला.

पुरात यातला नांगर जपून वापरा. खाली कुंपण असतं, तारा असतात, नांगर अडकला की प्रवाह बोटीला खाली ओढतो. दोरी कापायला चाकू हाताशी ठेवूनच टाकायचा. आडव्या झाडाला बोट कधी आडवी लागू द्यायची नाही, बांधायची असेल तर पुढच्या टोकानंच.

आणखी एक. लहान इंजिनांच्या टोपीखाली फ्लायव्हीलला, म्हणजे फिरणाऱ्या जड चाकाला, गुंडाळून ओढायची एक दोरी सोबत येते. बॅटरी बसली तरी ती इंजिन सुरू करते. बऱ्याच जणांनी ती कधी हातातही घेतलेली नसते. मोठ्या इंजिनांत ही सोय नाही. तिथं बॅटरी मेली की सगळं संपलं, म्हणून बॅटरीचे टर्मिनल दर महिन्याला घट्ट करायचे, ग्रीस लावायचं. या कामाचं कुणी कौतुक करत नाही.

बुडालेलं इंजिन हाती आलं तर वेळ महत्त्वाची. समुद्रातलं असेल तर आधी गोड्या पाण्यानं धुवायचं. प्लग काढून आतलं पाणी हातानं फिरवून बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं आणि त्याच दिवशी चालवून तापवायचं. चार दिवस गोदामात ठेवलेलं इंजिन मला वाचवता आलेलं नाही.

शिकायचं कुठं? मी आयटीआयचा मोटार मेकॅनिक, तो पाया पुरतो. इंजिनाच्या कामातच करिअर करायचं तर कोचीच्या सिफनेट या केंद्र सरकारच्या मत्स्य प्रशिक्षण संस्थेत मरीन फिटरचा दोन वर्षांचा कोर्स आहे. बोट चालवायची तर गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. आणि ज्यांना काहीच परवडत नाही त्यांनी एखाद्या गावाची पूरबोट मे महिन्यात मागून घ्यावी. बोट ओळखीतून मिळते. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, इंपेलर काढून हातात घेऊन बघा, पिंपात वीस मिनिटं चालवा, आणि तारीख वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत सध्या सात बोटी आहेत. एकीच्या इंपेलरची दोन पाती मोडलेली निघाली. त्या गावाला ते माहीतच नव्हतं, ती बोट पूर्ण एक पावसाळा तशीच उभी होती.